बांगड्यांवरचा रुमाल

“रुमाल बांधलास?” यांनी पायरी उतरता उतरता विचारलं. मागे वळून बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

“बांधला,” मी म्हटलं.

बांधला नव्हता. रुमाल सांगलीला कपाटात राहिला होता. पहाटे पावणेसहाला एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन उभ्या असलेल्या छप्पन्न वर्षांच्या बाईला त्यावरून कुणाचं काही ऐकून घ्यायचं नव्हतं.

रुमालाची भानगड सांगते. हे, म्हणजे माझे यजमान दिनकर शेटे, पाटबंधारे खात्यात आरेखक होते. अर्धा जन्म कालव्यांचे नकाशे काढण्यात गेला आणि उरलेला पक्ष्यांच्या मागे. दरवर्षी बारा सप्टेंबरला, मग घरात गणपती बसलेले असोत की पाहुणे आलेले असोत, आम्ही पिंपळघोळच्या वनविश्रामगृहात पंधरा दिवस मुक्कामाला जायचो. गणपती धाकट्या जावेच्या गळ्यात. पाऊस ओसरायला लागला, डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुलं आली, की त्या रानातले आवाज बदलतात. पावसाळाभर शीळ घालणारा कस्तूर गप्प व्हायला लागतो आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरू लागतात. त्यातला अगदी पहिला म्हणजे हिरवा वटवट्या. अंगठ्याएवढा जीव, रंग पानासारखा, बसणार उंच शेंड्यात. तो दिसत नाही, ऐकू येतो. तो त्या मोसमात पहिल्यांदा कधी बोलला, त्याची तारीख आणि वेळ यांनी सव्वीस वर्षं एका वहीत लिहून ठेवली होती. देशात असं कुणाकडे नाही, असं ते म्हणायचे. मला त्यातलं काय कळणार!

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा बरोबर गेले. हातात डझनभर हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या खळखळल्या आणि कुठलासा पाचू कवडा उडून गेला. त्या दिवसापासून यांनी नियम केला, की रानात शिरण्याआधी दोन्ही हातांच्या बांगड्यांवर रुमाल घट्ट बांधायचा. बोलायचं नाही, प्लॅस्टिकची पिशवी न्यायची नाही, भडक पातळ नेसायचं नाही. पहिल्या वर्षी तिथल्या एका म्हाताऱ्या धनगरणीनं माझे बांधलेले हात बघितले आणि पोळलंय असं समजून कोरफड आणून दिली. मी ती घेतली. बोलायची परवानगी नव्हती ना!

पण अलीकडे यात ढिलाई आली होती. आदल्या दोन वर्षी मी रुमाल विसरले, हात हलले की बांगड्या वाजत होत्या, तरी हे एका शब्दानं बोलले नाहीत. विचारायचे मात्र रोज, सवयीनं. मला वाटलं, साठी उलटली, माणूस निवळला. बरं वाटलं होतं मला. उगाच खोटं कशाला सांगू.

तर ही वीस वर्षांपूर्वीची चौदा सप्टेंबरची सकाळ. आमचा त्या वर्षीचा तिसरा दिवस, आणि यांचा राग दोन दिवस उतरलेला नव्हता.

रागाचं कारण म्हणजे उंबराचं झाड. विश्रामगृहापासून अर्ध्या तासावर वाट वळते, तिथे एक जुना उंबर होता. बहुतेक वर्षी वटवट्याचा पहिला आवाज त्याच्याच शेंड्यातून आलेला. या वर्षी पोचलो तर उंबर जागेवर नाही. बुंध्याचे तुकडे करवतीनं कापून वाटेच्या कडेला रचून ठेवलेले. यांनी कपाळावर हात मारला. मग धाकलूला हाका मारल्या.

धाकलू झोरे तिथला रोजंदारीवरचा वनमजूर. पंचेचाळिशीचा, काटक, डोक्याला मुंडासं. चौदा वर्षं आमच्या ओळखीचा. तो म्हणाला, झाड वाऱ्यानं पडलं, वाट अडली म्हणून कापलं. हे म्हणाले, करवतीच्या खुणा मला दिसतायत. तो म्हणाला, पडल्यावर कापलं साहेब. हे म्हणाले, असं सगळेच म्हणतात. झालं. तेव्हापासून अबोला.

त्या सकाळी आम्ही उंबराच्या तुकड्यांपाशी जाऊन थांबलो. धुकं झाडांच्या कमरेला आलेलं. हे वही उघडून, पेन्सिल कानावर ठेवून ताठ उभे. मी छत्री टेकून शेजारी. दरीतून एका कस्तुराची शीळ आली, तर यांनी लगेच बोट त्या दिशेला केलं. एवढ्या लांबचं ऐकू येतं, याचा यांना भारी अभिमान.

तेवढ्यात समोरच्या हिरड्यावरून आवाज आला. दोन तुकड्यांचा, बारीक, टोकदार. माझ्या ओळखीचा. मला पक्ष्यांची नावं कुणी शिकवली नव्हती, म्हणून मी माझी मीच ठेवली होती, मनातल्या मनात. एक होता चावी फिरवणारा, एक उकळतं दूध. आणि ही होती टाचणी. कापडात टाचणी टोचावी तसा आवाज. टाचणी ऐकू आली की हे वहीत लिहायचे आणि माझी अर्धी सुटका व्हायची, म्हणून तो आवाज माझ्या पक्का लक्षात.

मी यांच्याकडे बघितलं. पेन्सिल कानावरच. टाचणी परत टोचली. पेन्सिल तिथंच.

माझ्याच्यानं राहवेना. “अहो, तो बोलतोय की,” मी पुटपुटले.

“कोण?”

“तोच. तुमचा.”

यांनी डोळे मिटून कान दिला. नेमका तेव्हाच मागच्या जांभळीवर कुटुरगा सुरू झाला, कुटुर कुटुर कुटुर. यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी अजून विसरलेले नाही.

“तो कुटुरगा आहे,” हे म्हणाले. “सत्तावीस वर्षं येतेस. कुटुरगा आणि वटवट्या यातला फरक कळत नसेल, तर निदान गप्प तरी बस.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मग मनात शंका आलीच. गेल्या दोन वर्षीही मला टाचणी आधी ऐकू आली होती आणि यांनी वहीत लिहिलं कितीतरी दिवसांनी. तेव्हाही मी स्वतःलाच समजावलं होतं, की तो दुसराच कुठला तरी पक्षी असणार. वही यांची, अक्कल यांची. मला काय करायचंय? मी थर्मास उघडला आणि एकटीनं चहा प्यायला. यांना विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर सात दिवस मी तोंड उघडलं नाही. सकाळी जायचं, तुकड्यांपाशी उभं राहायचं. हिरड्यावर टाचणी टोचायची आणि हे पेन्सिल कानावर ठेवून आभाळाकडे बघायचे. परत येताना तोच पाढा. “आला नाही. आधी उशीर करायला लागला, आता येणंच बंद. झाड तोडल्यावर येईल कशाला?” उशिरा येण्यावर यांनी सांगलीच्या एका दैनिकात लेख लिहिला होता. तीन वर्षं पक्ष्याची तारीख पुढे पुढे सरकतेय, एकोणीस, बावीस, चोवीस, हवा बदलतेय, असं त्यात होतं. पुष्कळ लोकांनी फोन करून कौतुक केलं. फोन मीच घेतले होते. यांना फोनवर बोलायचा कंटाळा. पुण्याच्या नातीशीसुद्धा दोन वाक्यं बोलून “हो, हो” करत फोन माझ्या हातात द्यायचे. पोरगी बिचारी विचारायची, आजोबा रागावलेत का?

एकवीस तारखेला दुपारी यांनी पत्र लिहायला घेतलं. वनखात्यातल्या मोठ्या साहेबांना. साहेब यांना मानायचे, यांच्या वहीचा हवाला बैठकीत द्यायचे. लिहून झाल्यावर व्हरांड्यात उभं राहून मला वाचून दाखवलं.

“सदर वृक्षतोड संबंधित रोजंदारी मजुराच्या संगनमताने झाली असून, त्याचा थेट परिणाम म्हणून या वर्षी उपरोक्त पक्ष्याचे आगमन झालेले नाही...”

“संगनमत कुणाशी?” मी विचारलं.

“काय?”

“संगनमत, म्हटलं, कुणाशी? त्याचं त्याच्याशीच?”

“तुला भाषा कळत नाही,” हे म्हणाले.

“माणसाला एकदा नीट विचारा तरी.”

“विचारून काय होणार? माणूस काहीही सांगेल. पक्षी खोटं बोलत नाही. तो आला नाही, बस्स. उद्या अकराच्या एसटीनं पत्र जाईल.” आणि पाकिटाला गोंद लावायला आत गेले. या माणसापुढे मी संसारभर हात टेकलेत, पण त्या दुपारी मला खरोखर दौत घेऊन त्या पत्रावर ओतावीशी वाटली.

चारच्या सुमाराला मी मागच्या ओट्यावर कप विसळत होते. धाकलू येऊन लांब उभा राहिला.

“वैनी, येक बोलू का?”

“बोल बाबा. तू तरी बोल.”

“साहेबांचं पत्र उद्या जानार हाय म्हंत्यात.”

“तुला कुणी सांगितलं?”

“साहेबांनीच की. तोंडाव सांगितलं. म्हनाले, मी लपवून काय करत न्हाई.” त्यानं मुंडासं सोडलं, परत बांधलं. “वैनी, दिवाळीला कायम करनार हाईत आमास्नी. चौदा वर्सं काढली. यादीत माजं नाव हाय. आता असलं पत्र गेलं, त्येबी साहेबांचं, तर खोडत्यात बगा नाव. परत न्हाई लागायचं.”

“झाड खरंच वाऱ्यानं पडलं?”

“आईशप्पत! आखाडातल्या वाऱ्यात मुळासकट उनमळलं. गार्डसाहेब म्हनाले, वाट मोकळी कर. म्हनून तुकडं केलं. मुळांचा गड्डा खाली वगळीत, वढ्यात घसरलाय. साहेब वरनंच करवत बगत्यात. चार पावलं उतरून बगितलं असतं तर दिसलं असतं.”

“मी सांगते त्यांना.”

“आनि येक.” तो घुटमळला. “रागावू नगा. पाखरू आलं न्हाई म्हंत्यात, त्येचं मला कायच कळंना झालंय. ते आलंय की. आठ दिस झालं. हिरड्याव बसतंय, रोज सकाळी वरडतंय. साहेब त्येच्याच बुडाला हुबं ऱ्हात्यात आनि आलं न्हाई म्हंत्यात. माज्यावर राग हाय, म्हनून मुद्दाम करत असत्याल का वो?”

“बघते मी,” म्हणून त्याला लावून दिलं आणि परत कप विसळायला घेतला.

हे हट्टी होते, तिरसट होते, सत्तावीस वर्षांत रानात मला एक शब्द बोलू दिला नव्हता. पण वहीत खोटी तारीख? एकदा यांना ताप भरला होता, एकशेतीन. तर त्या दिवशीच्या रकान्यात यांनी ‘निरीक्षण नाही’ लिहून खाली सही केली होती. हा माणूस धाकलूवरच्या रागापायी पक्षी दडवेल? हे मला पटेना. मग टाचणी मला ऐकू येते, धाकलूला ऐकू येते आणि यांना येत नाही, हे कसं?

मी कप पालथा घालायला हात वळवला आणि बांगड्या खळखळल्या. मी हाताकडे बघत राहिले. दोन वर्षं रुमाल नव्हता. हे तिसरं. माणूस निवळला, म्हणत होते मी.

रात्री मुळांचं सांगायला गेले, तर यांनी हातानंच गप्प केलं. बावीस तारखेला सकाळी निघालो.

“रुमाल बांधलास?”

“हो,” मी म्हटलं.

पत्राचं पाकीट यांच्या शर्टाच्या खिशात. परतताना थेट फाट्यावर जाऊन एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, असा बेत. रात्री पाऊस येऊन गेला होता, आता ऊन पडलं होतं, आणि पानापानातून थेंब गळत होते. वाट अरुंद. हे पुढे, मी दोन हात मागे. वळणाच्या अलीकडे हे नेहमीसारखे थांबले आणि दरीकडे कान लावून उभे राहिले. मी पुढे झाले. हात वर केला, यांच्या उजव्या कानामागे नेला आणि बांगड्या जोरात खळखळवल्या.

वाटेवर दाणे टिपणारे दोन कवडे फडफडून उडाले. यांनी कवड्यांकडे बघितलं, कपाळाला आठी घातली आणि समोरून कोण येतंय म्हणून मान वाकडी करून वाटेकडे बघायला लागले.

मी डाव्या कानापाशी केलं. तेच.

मग मी अगदी हळू, घोगऱ्या आवाजात “अहो” म्हटलं, तर गर्रकन वळले. “काय आहे? बोलू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?”

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. इतक्या वर्षांचा राग साठवून ठेवला होता मी. भाजी काय करू विचारलं तर उत्तर नाही, दाराची बेल वाजली तर उठायचं नाही, नातीशी बोलायचं नाही. त्यातला निम्मा राग फुकट गेला, हे त्या वाटेवर उभ्या उभ्या कळलं. आणि पाकीट खिशात होतं. साडेसात वाजले होते.

आम्ही तुकड्यांपाशी आलो. यांनी वही उघडली. हिरड्यावर टाचणी आलेलीच होती, मी शोधायला लागले. नजर बसली नव्हती, वेळ लागला. मग दिसली. वाळक्या काटकीच्या वर, उन्हाच्या कवडशात.

“दुर्बीण लावा,” मी म्हटलं.

“इंदू, तुला एकदा सांगितलं...”

“मला काय सांगितलंत ते मला माहीत आहे. दुर्बीण लावा. समोर हिरडा, डावीकडची फांदी, वाळकी काटकी, तिच्या वर.”

मी या आवाजात यांच्याशी कधी बोललेले नव्हते. यांनी चिडूनच दुर्बीण उचलली. फिरवली. मग हात थांबले.

“आला,” हे कुजबुजले. चेहरा असा उजळला, की मला पुढचं काही बोलू नये असं वाटलं. “हिरवा वटवट्या. भुवई स्पष्ट. पंखावर फिकट रेघ. आला गं! बावीस तारीख... पण नोंद आत्ता नाही. नोंद पहिल्या आवाजाची. बोलू दे त्याला.”

“बोलतोय तो.”

“गप्प.”

“आता,” मी म्हटलं.

हे दुर्बिणीतून बघत होते.

“आता,” मी परत म्हटलं. पक्षी एका काटकीवरून दुसरीवर गेला, शेपटी झटकली. “आता. ...आता.”

मला उघड्या डोळ्यांनी नुसता हिरवा ठिपका दिसत होता. पण यांच्या दुर्बिणीत चोच दिसत असणार. मी ‘आता’ म्हणायचे तेव्हा तेव्हा ती उघडत असणार, गळ्यावरची पिसं हलत असणार. पाच-सहा वेळा झाल्यावर यांनी दुर्बीण खाली घेतली, शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या, परत लावली. जणू काचा पुसल्यावर ऐकू येणार होतं. मी म्हणत राहिले. आता. आता. थांबायचं धैर्य होईना.

पक्षी उडून गेला तरी दुर्बीण डोळ्यांवरच होती. मग हे उंबराच्या एका तुकड्यावर बसले.

“कधीपासून?” यांनी विचारलं.

“चौदा तारखेपासून रोज.”

“पक्ष्याचं नाही विचारलं. माझं.”

मी छत्री काखेत मारली. दोन्ही हात यांच्यासमोर धरले आणि हलवले. यांनी बांगड्यांकडे बघितलं. मनगटं मोकळी होती.

“रुमाल?”

“तीन वर्षं झाली,” मी म्हटलं.

“पण मला कस्तूर ऐकू येतो,” हे म्हणाले. लहान मुलासारखं म्हणाले. “कुटुरगा येतो. तुझं बोलणं येतं.”

“जाड आवाज येत असतील. बारीक येत नाहीत.”

मी थर्मासमधून चहा ओतून दिला, तो यांच्या हातातच गार झाला. मग एकदम उठले आणि काही न सांगता वाटेखालच्या वगळीत उतरले. “अहो, घसराल,” मी ओरडले. ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं असेल, पण ऐकलं नाही. गुडघ्यापर्यंत चिखल माखून वर आले.

“मुळं आहेत खाली,” हे म्हणाले. “झाड मुळासकटच उन्मळलंय.”

“धाकलू तेच सांगत होता.”

“तेही मी ऐकलं नाही,” हे म्हणाले.

वही मांडीवर घेतली. खिशातून सहा इंची पट्टी आणि लाल पेन्सिल काढली. आरेखक ना! गेल्या तीन वर्षांच्या ओळींवर पट्टी ठेवून एकेक सरळ रेघ मारली. एकोणीस गेली, बावीस गेली, चोवीस गेली. मी वाकून बघत होते. समासात, त्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘अग्राह्य. निरीक्षकास ऐकू येत नव्हते.’ आणि खाली सही.

“लेख छापून आलाय,” मी म्हटलं.

“कळवीन त्यांना. माझी चूक छापा म्हणून.”

“कुणी विचारलेलं नाही हो तुम्हाला.”

“म्हणूनच.”

हे असं. धड राग करता येईना, धड कीव करता येईना. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

तेवढ्यात कोयता खांद्यावर टाकून धाकलू वळणावरून आला आणि आम्हाला बघून थबकला. बहुतेक पत्राबद्दल शेवटचं विनवायला आला असावा. हे उठले. खिशातलं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“हे चुलीत घाल,” हे म्हणाले. “आणि धाकलू, चुकलं माझं.”

इतक्या मोठ्यानं म्हणाले, की झाडावरचे होते नव्हते ते सगळे पक्षी उडाले. स्वतःच्या आवाजाचाही अंदाज राहिला नव्हता त्यांना. मी इतकी वर्षं त्याला दरडावणं समजत आले होते.

धाकलू पाकिटाकडे बघत राहिला. “जी,” एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तसं त्यानं पाकीट कंबरेला खोचलं. दिवाळीनंतर तो कायम झाला. पण ते पुढचं.

तो गेल्यावर मला वाटलं, आता परत जाऊ या. यांनी मात्र पेन्सिलीला टोक केलं.

“चौदा तारीख म्हणालीस. किती वाजता?”

“सात वाजले असतील.”

“असतील म्हणजे? घड्याळ बघितलं होतंस का?”

“नाही बघितलं! तुम्ही कुटुरगा म्हणून माझा पाणउतारा करत होतात, तेव्हा मी घड्याळ कुठलं बघणार?”

“बरं, बरं. ‘सात, अंदाजे’ लिहितो.” लिहिलं. शेवटचा रकाना होता, ‘कोणी ऐकला’. सव्वीस ओळींत तिथे ‘स्वतः’ होतं. यांनी जरा थांबून लिहिलं, ‘सौ. इंदुमती’. “खात्रीनं ओळखलास ना? कशावरून?”

“टाचणीवरून.”

“कशावरून?”

मग मला सगळं सांगावं लागलं. टाचणी, चावी फिरवणारा, उकळतं दूध. यांनी मला वेड्यात काढलं असतं एरवी. तेव्हा मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, तोंडाकडे बघत. ‘हिरवा वटवट्या’च्या पुढे कंसात ‘टाचणी’ लिहिलं आणि मग मान वर केली.

“आता काय ऐकू येतंय?”

मी कान दिला. हिरड्याच्या मागे, वर, खाली, वगळीत पाण्याजवळ, कितीतरी बारीक आवाज होते. मी ते सत्तावीस वर्षं ऐकत होते आणि कुणाला सांगितले नव्हते.

“पुष्कळ आहे,” मी म्हटलं.

“मग बोल ना,” हे पेन्सिल टेकवून म्हणाले. “सावकाश. आणि जरा जाड आवाजात.”

त्या वाटेवर मला कुणी बोलायला सांगण्याची ती पहिलीच वेळ. मी छत्री बाजूला ठेवली, यांच्या शेजारी लाकडावर बसले आणि डावीकडून सुरुवात केली.